चहात न्हाणारी चित्रे

मूर्ती कारागिराच्या हातून सुटली की पुरी झाली, असे आपण धरून चालतो. चिनी चहाच्या तबकात मांडलेली मातीची चिमुकली चित्रे या समजुतीला अपवाद आहेत. च्यांग्सू प्रांतातील यीशिंगच्या मातीचा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूकच घ्या. त्याला मुद्दाम झिलई देत नाहीत. पाने धुतलेले पहिले पाणी आणि उरलासुरला चहा त्याच्यावर ओततात, कुंचल्याने चोळतात. सच्छिद्र मातीत तो मुरतो आणि काही वर्षांनी अंगावर मंद तकाकी चढते.

चहा आणि बाहुली यांचे नाते जुने आहे. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूच्या नावाच्या बाहुल्या कुंभार घडवीत. चहाची बरीच भांडी घेणाऱ्यास एक मिळे. विक्री बसली की दुकानदार तिच्यावरच पाणी ओतीत, असे थांग काळातील ली चाओने नोंदवले आहे. ग्रंथकाराचा हा केवढा सन्मान!

कढत पाणी पडताच धार सोडणारे मातीचे पोरही असते. पोटातली हवा तापून फुगते, एवढेच त्यातले गुपित. खेळणे म्हणून ते झकास. परंतु गरम पाण्याने रंग पालटणाऱ्या रेझिनच्या बाहुल्या खटकतात. त्यांचा चमत्कार पहिल्याच दिवशी पुरा होतो. पुढे मालकाच्या हाताला काही काम उरत नाही. बेडकाची घडण ओबडधोबड असेल, पण त्याच्या तकाकीत कुणाच्या तरी कितीतरी सकाळी मुरलेल्या असतात. म्हणून आम्ही आपले बेडकाच्याच बाजूचे.