सेमेलवाइस यांचा प्रसूतिज्वरावरील ग्रंथ : एक चिकित्सक पुनर्वाचन

प्रास्ताविक :

संशोधनपद्धतीच्या तासाला गृहीतक कसे मांडावे व कसे तपासावे हे सांगताना आपल्यापैकी अनेकजण इग्नाझ सेमेलवाइस (१८१८-१८६५) या हंगेरियन डॉक्टरांचे उदाहरण देतात. त्याचा उगम बहुधा कार्ल हेम्पेल यांच्या ‘फिलॉसॉफी ऑफ नॅचरल सायन्स’ (१९६६) या छोटेखानी पुस्तकात असतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिकक्ष, एकामागून एक बाद होत गेलेली गृहीतके, शवविच्छेदनाच्या वेळी जखम होऊन दगावलेला सहकारी आणि अखेरीस क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम, अशी ती आटोपशीर कथा आहे. सेमेलवाइस यांनी स्वतः १८६१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेला प्रसूतिज्वराची कारणे, संकल्पना व प्रतिबंध यांवरील ग्रंथ मात्र क्वचितच उघडला जातो. त्याच्या पूर्वार्धाची सर्वत्र प्रशंसा होते, तर उत्तरार्ध हे ढासळत्या मनःस्थितीचे लक्षण म्हणून बाजूला ठेवला जातो. ही विभागणी योग्य नाही, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. रुग्णालयातील संसर्गनियंत्रणाचा खरा पेच पूर्वार्धात सुटतो असे वाटते. तो उभा राहतो उत्तरार्धात.

पूर्वार्धातील युक्तिवाद :

१८४६ मध्ये सेमेलवाइस व्हिएन्नाच्या पहिल्या प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे वैद्यकाचे विद्यार्थी शिकत. शेजारच्या दुसऱ्या विभागात सुईणींचे प्रशिक्षण चाले. ठराविक दिवशी एका विभागात, तर इतर दिवशी दुसऱ्या विभागात भरती होत असे. त्यामुळे कोणती स्त्री कोठे जाणार हे केवळ वारावर अवलंबून होते. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९ माता दगावल्या, म्हणजे सुमारे १० टक्के. दुसऱ्या विभागात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१. एकच शहर, एकच हवा, लागून असलेल्या इमारती. वातावरणातील दोषामुळे रोग होतो हे त्या काळचे आवडते स्पष्टीकरण येथे आपोआप निकालात निघते, कारण दोष हवेत असता तर त्याने दाराशी थांबून विभाग पाहिला नसता. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी रस्त्यातच बाळंत झालेल्या स्त्रियाही पहिल्या विभागातील स्त्रियांपेक्षा कमी आजारी पडत. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून स्त्रिया गयावया करीत, हेही ग्रंथात नोंदले आहे.

मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी झाले आणि दगावले. त्यांच्या शरीरातील विकृती बाळंतिणींच्या शरीरातील विकृतींसारख्याच आढळल्या. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त द्रावणाने, आणि ते महाग पडू लागल्यावर क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. दुसऱ्या विभागात ते १.३३ होते.

एवढे हेम्पेल यांच्याकडेही मिळते. त्यांच्या सारांशातून जे निसटते ते म्हणजे या युक्तिवादाचा इतिहासाकडे वळलेला भाग. व्हिएन्नात १८२३ च्या सुमारास विकृतिशरीरशास्त्राचा अभ्यास वाढला आणि त्यानंतर मातांचे मृत्यूही वाढले, हे सेमेलवाइस १७८४ पासूनच्या कोष्टकांवरून दाखवितात आणि शेजारी डब्लिनच्या प्रसूतिगृहाचे आकडे ठेवतात. याचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. वैद्यकशिक्षण जसजसे अधिक शास्त्रीय झाले, तसतशा बाळंतिणी अधिक संख्येने मेल्या. सेमेलवाइस स्वतः सकाळी नेमाने शवविच्छेदन करीत. आपल्या या अभ्यासूपणामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे ईश्वरालाच ठाऊक, अशा आशयाची कबुली ते कोष्टकांच्या मध्येच देतात. एरवी रुक्ष असलेल्या या गद्यातील तो सर्वांत थोर भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिभाषेचा प्रश्न :

मराठीत या प्रसंगाविषयी लिहिताना ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द सहज वापरला जातो. तो येथे कालविसंगत आहे. सेमेलवाइस यांच्या विचारात जंतू नव्हते. कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचे कण होते. हाताला येणारा प्रेताचा वास साबणाने जात नाही आणि क्लोरीनने जातो, म्हणून त्यांनी क्लोरीन निवडले. कसोटी नाकाची होती. प्रसूतिज्वराशी साखळीच्या आकाराच्या जंतूंचा संबंध पाश्चर यांनी १८७९ मध्ये दाखविला, तोपर्यंत सेमेलवाइस यांच्या निधनाला चौदा वर्षे होऊन गेली होती. शिवाय आज ‘निर्जंतुकीकरण’ या एकाच शब्दात आपण दोन भिन्न क्रिया कोंबतो. शस्त्रक्रियेची उपकरणे दाबयुक्त वाफेत घालून बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीव नष्ट करणे ही एक क्रिया. हात किंवा फरशी रसायनाने पुसून बहुतेक रोगजंतू मारणे ही दुसरी. दुसऱ्या क्रियेत बीजाणू टिकू शकतात. ‘जंतुनाशन’ हा शब्द दुसरीसाठी राखून ठेवला तर घोटाळा बराच कमी होईल.

या कसोटीमुळे सिद्धांताला मर्यादाही आल्या. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या सडलेल्या अर्बुदाच्या रुग्णेला तपासून डॉक्टर पुढील खाटांकडे गेले आणि बारापैकी अकरा बाळंतिणी दगावल्या. तेव्हा जिवंत शरीरातील पूही घातक ठरतो हे सेमेलवाइस यांनी मान्य केले आणि दर तपासणीनंतर हात धुण्याचा आग्रह धरला. तरीही हा रोग देवीसारखा संसर्गजन्य आहे, हे त्यांनी मानले नाही. बोस्टनचे डॉक्टर व कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्येच डॉक्टर हा रोग एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात असे प्रतिपादन केले होते. होम्स यांचा निबंध वाचनीय, नर्मविनोदी आणि सुबक आहे. त्याने फिलाडेल्फियातील मेग्ज व हॉज हे मातब्बर प्राध्यापक चिडले, पण बदलले नाहीत. (आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या त्या याच शहरातून.) तेव्हा सेमेलवाइस यांनी अधिक चांगले गद्य लिहिले असते तर त्यांचे म्हणणे ऐकले गेले असते, या नेहमीच्या आक्षेपात फारसे तथ्य दिसत नाही. त्यांनी चौदा वर्षे उशीर केला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. १८४७-४८ मध्ये हेब्रा यांनी आणि १८४९ मध्ये श्कोडा यांनी त्यांची बाजू मांडली. ते स्वतः दीर्घकाळ लिहीत नव्हते.

उत्तरार्धाकडे :

ग्रंथाचा उत्तरार्ध म्हणजे विरोधकांशी केलेला लांबलचक, पुनरुक्तींनी भरलेला वाद. १८६१-६२ मधील खुल्या पत्रांत तर त्यांनी नामांकित प्राध्यापकांवर मनुष्यवधाचा आरोप केला. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या वेड्यांच्या रुग्णालयात त्यांचा जखमेतील रक्तदोषाने अंत झाला आणि या शेवटाच्या प्रकाशात आधीचे सारे वाचण्याची रीत पडली. पुढे ‘सेलीन’ या नावाने कादंबरीकार म्हणून गाजलेले लुई-फर्दिनां देतूश यांनी १९२४ च्या आपल्या वैद्यकीय प्रबंधात वेडाच्या भरात शवागारात शिरून स्वतःला कापून घेणारा सेमेलवाइस रंगविला. हंगेरियन अभ्यासक तिबोर ग्योरी यांनी त्याच वर्षी त्यातील चुका दाखवून दिल्या, पण कथा टिकली. हुतात्म्याची प्रतिमा वाङ्मयाला फार मानवते. तिच्यामुळे दोष मूठभर हेकट प्राध्यापकांच्या माथी जातो आणि वाचक स्वतःला सेमेलवाइस यांच्या बाजूला उभा करून मोकळा होतो.

प्रत्यक्षात उत्तरार्धाचा विषय निराळा आहे. नियम लागू केल्याचे सांगणारी रुग्णालये तो खरोखर पाळतात का, मृत्यू वाढले की कोण कोणती सबब पुढे करतो, याची ती चिडखोर पण बारीक छाननी आहे. पेश्त येथील अनुभवाचा भाग याच्या जोडीने वाचावा. तेथे हात धुतले जात असूनही बाळंतिणी मरू लागल्या, तेव्हा कारण सापडले ते नीट न धुतलेल्या, डाग तसेच राहिलेल्या चादरींत, आणि त्यामागे धुलाईखर्चातील काटकसर होती. गृहीतक सिद्ध झाले होते; चादर मळकीच होती. हेम्पेल यांच्या तर्काच्या आकृतीत या चादरीला जागा नाही.

जीनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते व सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४ ते १९९७ या काळात केलेली पाहणी या संदर्भात लक्षणीय आहे. २००० मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. जंतूंविषयी कोणालाही शंका उरलेली नसताना आरंभी हस्तस्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्के होते. खाटेशेजारी अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवल्यावर आणि सातत्याने मोहीम चालविल्यावर ते ६६ टक्क्यांपर्यंत गेले. बेसिनपर्यंत जाऊन हात धुण्यास वेळ लागतो आणि गर्दीच्या कक्षात तो नसतो, एवढे साधे कारण त्यात मोठे होते. मेग्ज यांच्यासारखा अहंकार तेथे शोधूनही सापडला नसता.

के. कोडेल कार्टर यांचे १९८३ चे इंग्रजी भाषांतर आज सर्वाधिक वापरले जाते. ते नेमके आणि विश्वसनीय आहे, पण संक्षिप्तही आहे. वादविवादाचा बराच भाग त्यात गाळला गेला आहे. फ्रँक मर्फी यांचे १९४१ चे भाषांतर जुनाट वाटले तरी त्यासाठी पाहावे लागते. मराठीत हा ग्रंथ आणावयाचा झाल्यास भाषांतरकाराने पूर्वार्धाची कोष्टके संक्षिप्त करावीत. भांडणे मात्र एकही वगळू नयेत.