'तंद्री' आणि 'तल्लीन' : बालकवींच्या निमित्ताने

आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तंद्री. वर्गात एखादा मुलगा खिडकीबाहेर बघत बसला की मास्तर ओरडतात, "कुठल्या तंद्रीत आहेस रे?" तिथे तो दोष असतो. तोच मुलगा पुढे कवी झाला की त्याच्याबद्दल लिहिलं जातं, "ते सदैव आपल्याच तंद्रीत असत." आता तो गुण झाला! शब्द तोच आहे, मग बदललं काय?

संस्कृतात तंद्रा किंवा तंद्री म्हणजे झापड, सुस्ती. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'अतंद्रित' हा शब्द आहे, तो आळस न करता कर्म करण्याबद्दल. आयुर्वेदातही तंद्रा म्हणजे झोपेसारखी झापड. मराठीत या शब्दाला विचारात हरवण्याचा अर्थ आला, पण जुनी झापड पुरती उतरली नाही. क्रियापदं बघा ना. झोप लागते तशी तंद्री लागते, झोप मोडते तशी तंद्री मोडते. "मी तंद्री केली" असं कोणी म्हणत नाही. ती माणसावर येते. माणूस ती करत नाही.

आता शेजारचा शब्द घेऊ, तल्लीन. तत् आणि लीन, म्हणजे 'त्यात' विरघळलेला. या शब्दाच्या पोटातच 'ते' आहे. म्हणून आपण गाण्यात तल्लीन, कामात तल्लीन असं म्हणतो. गाणं ऐकताना तंद्रीही लागते, हे खरं. पण ती लागल्यावर गाणं मागे राहून गेलं तरी चालतं. तंद्री 'आपल्याच' असते, 'स्वतःच्याच' असते. "आपल्याच तल्लीनतेत" असं मात्र आपल्या तोंडी येत नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघं 27. ही हकिकत सांगताना किती सहज म्हटलं जातं, कवी तंद्रीत होते, गाडीचा आवाज ऐकूच आला नाही! त्यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं, हे सांगणाऱ्याला कुठून कळणार? पण हा शब्द आला की एका तरुण माणसाचा अपघात काव्यमय होऊन बसतो. आम्हाला हे खटकतं.

आणि मग तोच शब्द कवितेवरही चढतो. 'औदुंबर' ही तंद्रीतली कविता आहे, असं म्हणून समीक्षक मोकळे होतात. कविता आठ ओळींची. त्यात नजर कशी फिरते ते पाहा. आधी झरा, मग टेकडीकडचं लहानसं गाव, मग शेतं, त्यांतून वाकडीतिकडी जाणारी पायवाट, ती पोचते डोहापाशी, आणि सगळ्यात शेवटी झाड. हिरव्यात पांढरी वाट, वाटेच्या टोकाला काळं पाणी. एकही रंग उगाच आलेला नाही. त्या झाडाचं बसणं शांत की उदास, यावर वाचक अजून वाद घालतात. इतकी नेमकी रचना झापडलेल्या डोळ्यांनी होते का? हा टक्क जागा, समोरच्यात विरघळलेला डोळा आहे. याला शब्द तल्लीन.

कुणी म्हणेल, भान हरपल्याशिवाय कविता सुचते का? नसेलही सुचत. केशवसुतांनी त्या भान हरपण्यावरच 'झपूर्झा' लिहिली. पण लिहिली, हेही लक्षात ठेवू. सुचणं लागत असेल; रचणं मात्र करावं लागतं.

म्हणून आमची विनंती साधी आहे. अपघाताला अपघात म्हणू या आणि कवीच्या डोळ्याला त्याचं श्रेय देऊ या. आणि खिडकीशी बसलेला तो मुलगा? "कुठल्या तंद्रीत आहेस" असं ओरडण्याआधी एकदा "काय बघतोयस?" असं विचारून बघा. कदाचित तो सांगेलही.