हसलेला अनारसा

तुपात सोडलेला अनारसा पसरून विरघळला, की आपल्याकडे ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सुकवून कुटायचे, गूळ मिसळून पीठ मुरू द्यायचे. आणि एवढे करून गूळ अंमळ अधिक पडला, तर कढईत हे हसू! कोणा अनाम गृहिणीने या फजितीला दिलेले हे नाव मोठमोठ्या विनोदी लेखकांनी हेवा करावा असे आहे. हसतो तो अनारसा; आठवडाभराचे श्रम फुकट जातात ते करणारीचे. घरगुती विनोदाचे परीक्षण करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

असल्या लेखनाला दुय्यम मानण्याची टीकाकारांची जुनी खोड आहे. दूध उतू गेले, सोमवारच्या उपासाला साबुदाणा भिजवायचा राहिला, रविवारी दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पाहुणे दारात उभे राहिले. यात वाङ्मय ते कसले, असे ते विचारतात. वस्तुतः माणसाचे बहुतेक आयुष्य अशाच आठवड्यांचे बनलेले असते. तेव्हा विषय लहान आहे हा दोष नव्हे. फजितीनंतर ओटा कोणी पुसला, हे लेखकाला दिसले की नाही, एवढेच पाहावयाचे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त रोख सामाजिक रूढींवर होता. मध्यमवर्गीय घरातली रोजची धांदल विनोदात खऱ्या अर्थाने नांदू लागली ती चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या चिमणरावाबरोबर. जोशी पालीचे व्यासंगी पंडित, बडोद्यास अध्यापन करणारे. पण या विद्वत्तेचे ओझे त्यांनी चिमणरावावर कधी लादले नाही. चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतो, आणि जो जो आब राखू पाहतो तो तो अधिकच फसतो. सांगणाराच हास्याचा विषय असल्यामुळे काऊवर अन्याय होत नाही. उलट तिचे शहाणपण नवऱ्याच्या फुशारकीतूनच वाचकाला उमगते. तरीही एक उणीव राहतेच. काऊचा आठवडा काऊच्या तोंडून आपल्याला ऐकावयास मिळत नाही.

ती उणीव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी भरून काढली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या पुस्तकात निस्तरणारीच बोलते आहे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पैसा हाती न टिकू देणारे उदार आणि विसराळू टिळक, यांच्या हकीकती वाचून आपण पोट धरून हसतो. पण त्या सोवळ्याचा घरातल्यांना झालेला जाच आणि रिकाम्या डब्यांचा घोर बाईंनी लपवलेला नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला, तेही त्या याच घरगुती भाषेत सांगतात. मोठ्या दुःखासाठी त्यांना आवाज बदलावा लागत नाही. लहान गोष्टी खऱ्या सांगण्याची सवय तिथे उपयोगी पडते.

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. शतकाहून अधिक काळ चाललेल्या या फराळात घरगुती विनोदाचे ताट कधी रिकामे राहिले नाही. मात्र त्यात शिळे पदार्थही पुष्कळ. बायकोची साडीखरेदी, सासूची जीभ, बिचारा नवरा. तीच भाजणी, तीच चकली! अशा लेखात बाई असते ती केवळ हसण्याचे निमित्त म्हणून. आज अनारशाचे पीठ तयार मिळते, घरातले पुरुषही क्वचित कढईपाशी उभे राहतात; लेखातला नवरा मात्र अजून आरामखुर्चीतून उठत नाही.

यावर वाचकांनीच एक उपाय करावा. दिवाळीत सारे घर एकत्र जमले म्हणजे अंकातला विनोदी लेख मोठ्याने वाचावा, आणि तळण करणाऱ्या माणसाला ऐकू जाईल असा वाचावा. झारा हातात घेऊन तेही माणूस मनापासून हसले, तर लेखकाला घर कळले आहे असे खुशाल समजावे. बाकीच्यांनी हसून घेतले आणि ते एकटेच गप्प राहिले, तर पान उलटावे आणि उठून त्याच्या हातातला झारा घ्यावा.