एक पेग म्हणजे नेमका किती?

वसईत लग्नाला, नाताळच्या जेवणाला ‘एकच पेग घे रे’ हा आग्रह ठरलेला. पण समोरच्याचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर? या प्रश्नावर वेंडी किंग आणि सहकाऱ्यांचा ‘जामा’तला २०१२चा पेपर वाचाच.

अमेरिकेतल्या १० रुग्णालयांतले १,९४५ रुग्ण. मद्यपानाच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनआधीच्या वर्षात ७.६ टक्के, नंतर पहिल्या वर्षी ७.३, दुसऱ्या वर्षी ९.६. बघा, अभ्यास वर्षभरात थांबला असता तर ‘धोका नाही’ असंच वाटलं असतं! दुसरं वर्ष मोजलं, ही या पेपरची ताकद.

मला खटकते ती मोजपट्टी. ‘ऑडिट’ प्रश्नावली विचारते, एका दिवसात साधारण किती ड्रिंक घेता? गॅस्ट्रिक बायपासनंतर मात्र दारू झटकन लहान आतड्यात उतरते आणि रक्तात वेगाने चढते. पेपिनो यांच्या २०१५च्या छोट्या अभ्यासात अशा स्त्रियांना दोन ड्रिंक चारांसारखी चढली. म्हणजे कागदावर उत्तर ‘दोन’च, शरीरात अर्थ वेगळा.

किंग यांनी अवलंबित्वाची लक्षणं आणि दारूमुळे झालेलं नुकसानही निकषात धरलं, म्हणून निष्कर्ष टिकतो. तरी गुणांच्या बाजूने धोका कमीच मोजला गेला असावा, असं माझं मत.

तुम्ही प्रश्नावली निवडाल तेव्हा आधी तपासा: ‘आधी’ आणि ‘नंतर’चं एकक खरंच तेच आहे का? आणि घरातल्या कोणी ऑपरेशननंतर ‘एक चालेल ना?’ विचारलं, तर पहिल्या वर्षाचा आकडा सांगून त्यांना निर्धास्त करू नका. डॉक्टरांकडे पाठवा.