चिमणीच्या घराचे दार

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या ग्रंथालयाने लहान मुलांसाठी शनिवारी सकाळी गोष्टीचा तास सुरू केला आणि तो चालविण्याचे काम माझ्याकडे आले. मी कादंबऱ्या लिहिते म्हणून नव्हे, तर बालवर्गाला शिकवते म्हणून. मॅट्रिकच्या पुढे मी शिकले नाही; जे काही शिकले ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून, आणि तेही बहुतेक वेळा माझे काही चुकल्यावर. आज ज्या विषयावर लिहिते आहे त्यातली पहिली चूकही माझीच आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

अशा तासाची हल्लीची रीत वाचकांना ठाऊक असेल. अर्धा तास गोष्ट, अर्धा तास हस्तकला. हस्तकलेसाठी प्रत्येक मुलाला एक पाकीट द्यायचे. त्यात आधीच कापून ठेवलेले कागद, डिंकाची छोटी बाटली, दोन रंगीत खडू आणि वस्तू तयार झाल्यावर कशी दिसेल त्याचे चित्र. याला सगळे ‘किट’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरते. त्या शनिवारी गोष्ट होती चिमणी-कावळ्याची. तीस पाकिटे मी स्वतः रात्री जागून भरली होती. प्रत्येकात पिवळ्या घोटीव कागदाचे घर, तपकिरी चिमणी आणि घरावर स्केचपेनने काढलेले दार. कावळा नव्हता. काळा कागद संपला होता, आणि कावळ्याची चोच कापायला वेळ फार लागतो.

गोष्ट रंगली. पाऊस आला, कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेले, तो भिजत चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि चिमणी त्याला आतून एकेक कारण सांगू लागली. मुले अगदी गप्प झाली. ऐन त्या गप्पपणात मी पाकिटे वाटली. दहा-पंधरा मिनिटांत एकसारखी तीस घरे तयार झाली. एका पाच वर्षांच्या मुलीने विचारले, “बाई, कावळा कुठंय?” मी म्हटले, “आज आपण चिमणीचं घर करतोय ना?” तिने घर उलटसुलट करून पाहिले, दारावर नख घासले आणि म्हणाली, “हे उघडत नाही.” मी तिला छप्पर चिकटवायला सांगितले. तास वेळेवर संपवायचा होता, मुलांचा घरांसह फोटो काढायचा होता.

घरी आल्यावर त्या मुलीचे दोन प्रश्न माझ्या मागे लागले. एखाद्या कथेवर कोणी समीक्षकाने लिहावे आणि त्यात कथेतले मुख्य पात्रच गाळावे, तर आपण काय म्हणू? वस्तुतः किट ही गोष्टीवरची टीकाच असते. गोष्टीतले काय महत्त्वाचे, कोणाच्या बाजूने पाहायचे, कुठे थांबायचे, हे सारे पाकीट भरणारा आधीच ठरवून टाकतो. माझ्या पाकिटाने ती गोष्ट घराच्या आतून वाचली होती. सुखरूप घरात बसलेली चिमणी तेवढी दाखविण्याजोगी, आणि बाहेर भिजणारा कावळा नाहीसा. दार उघडायचे की नाही, हा त्या गोष्टीचा सगळा जीव. आणि मी तर दार कागदावर नुसते काढून ठेवले होते. मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे आपण लिहितो, पण त्या पुस्तकांबरोबर वाटल्या जाणाऱ्या या पाकिटांचे परीक्षण कोणी करीत नाही. ते करायला हवे, असे मला वाटते.

मुलांच्या हाती काहीतरी द्यावे ही कल्पना काही आजची नव्हे. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाद ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याने मुलांसाठी योजलेल्या ‘देणग्यां’त लोकरीचे रंगीत चेंडू होते, लाकडी गोल आणि घन होता, आठ लहान घनांत सुटा होणारा एक मोठा घन होता. आजच्या किटचा हा पणजोबाच म्हणायचा. परंतु त्या आठ घनांत घर नव्हते की खुर्ची नव्हती. मूल ती रचणार आणि पुन्हा मोडणार. पुढे त्याच्या पुष्कळ अनुयायांच्या हाती याच वस्तू कवायतीसारख्या झाल्या. बाईंनी सांगायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी तेच करायचे. वस्तू तीच राहिली, तिच्यातली मोकळीक गेली.

गोष्टीच्या तासाचा इतिहास वेगळा. तो ग्रंथालयांत रुजला तो मुख्यतः अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या आरंभी. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ साली अ‍ॅन कॅरोल मूर बालविभागाच्या प्रमुख झाल्या. तिथल्या तासाची जुनी प्रथा अशी की आरंभी मेणबत्ती लावायची आणि शेवटी मनात एखादी इच्छा धरून ती विझवायची. सारे साहित्य एवढेच. मूल घरी जाई ते रिकाम्या हाताने आणि भरल्या मनाने. त्याच ग्रंथालयात १९२१ साली पुरा बेलप्रे या प्वेर्तो रिकोतून आलेल्या बाई कामाला लागल्या. आजीकडून ऐकलेली मार्टिना नावाच्या झुरळाची आणि पेरेझ उंदराची गोष्ट त्या मुलांना सांगत. १९३२ साली तिचे पुस्तक झाले. गोष्टींसाठी त्यांनी स्वतः बाहुल्या केल्या आणि इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही गोष्टी सांगितल्या. ही हस्तकलाच; पण बाहुली तयार झाली की गोष्ट संपत नाही, ती बोलू लागते. हाताने केलेली वस्तू गोष्टीत परत जाते. माझे पिवळे घर मात्र दप्तरात गेले.

पुढे अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनांनी २००४ साली मुलांच्या वाचनपूर्व तयारीचा एक कार्यक्रम आखला. २०११च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आईबापांना पाच गोष्टी सांगितल्या आहेत : मुलांशी बोला, गाणी म्हणा, वाचा, लिहा, खेळा. यादी वाचून मला हसू आले, कारण आपल्या आज्या यातले लिहिणे-वाचणे सोडून बाकी सारे करीतच होत्या. या पाचांत चिकटविणे नाही. पण २०२०मध्ये करोनाच्या साथीने ग्रंथालये बंद पडली, मुलांना जवळ बसविणे अशक्य झाले, आणि तिथल्या ग्रंथालयांनी हस्तकलेची पाकिटे भरून दारातूनच द्यायला आरंभ केला. त्या दिवसांत ते योग्यच होते. साथ ओसरली, मुले पुन्हा समोर येऊन बसली. पाकिटे मात्र राहिली.

आपल्याकडे या बाबतीत दुसरीकडे पाहण्याची फारशी गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात परदेशी महाग साधनांच्या जागी आजूबाजूचीच साधने आली : शिंपले, खडे, बिया, पाने, माती. हे केवळ काटकसरीसाठी झाले असे समजणे चुकीचे होईल. बी कशासाठी आहे हे कोणी तिच्यावर लिहून ठेवलेले नसते. तीच बी मोजायलाही चालते आणि कावळ्याचा डोळा व्हायलाही चालते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक तर दंगा करणाऱ्या वर्गाला गोष्टीनेच आपलेसे करतो. त्याच्या हातात गोष्टीवाचून दुसरे काही नसते.

किटच्या बाजूनेही बोलले पाहिजे. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी कात्री असते ती एकच, आणि ती शिवणाच्या डब्यात. रंगीत कागद तर सणालाच येतो. त्यांना ते पाकीट म्हणजे मोठी मिळकत वाटते. चिमटीत धरणे, रेघेवरून कापणे, बोटाने डिंक पसरविणे, यांतून लिहिणारा हात तयार होतो हे मी रोज पाहते. म्हणून पाकीट बंद करा असे मी म्हणत नाही. ते कोणासाठी भरले जाते, एवढेच विचारते. माझे पाकीट फोटोसाठी भरले होते आणि दाराशी उभ्या असलेल्या आयांसाठी, ‘आज काय केलं?’ या प्रश्नाला दाखविता येईल असे उत्तर म्हणून. ऐकलेली गोष्ट दाखविता येत नाही. त्या दिवशी सगळी घरे घरोघर पोचली. पुस्तके घरी नेली फक्त चार मुलांनी. ग्रंथालयाच्या तासाला याहून मोठा दोष कोणता?

पुढच्या शनिवारी मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. मुलांना तीच गोष्ट पुन्हा चालते, नव्हे, तीच हवी असते. या वेळी पाकिटांऐवजी मधोमध एक खोके ठेवले : जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, चिंचोके, सुतळी, बोथट कात्र्या, खळीची वाटी. नमुना ठेवला नाही. एका मुलाने घर न करता नुसते भलेमोठे दार केले. एकीने सुतळीचा पाऊसच पाऊस केला. दोघांच्या कावळ्यांत भांडण झाले. चार मुलांनी काहीच केले नाही, चिंचोके खेळत बसली. त्यांना मी बसू दिले. ग्रंथालयाचे एक जुने सभासद फोटो पाहून म्हणाले, “बाई, यात चिमणी कोणती?” मलाही सांगता आले नाही, मुलांना विचारावे लागले, आणि त्यांनी जे सांगितले ती गोष्टच होती.

ती मुलगी त्या दिवशी आली नाही. तिची आई पंधरा दिवसांनी ते पिवळे घर घेऊन आली. “बाई, दुसरं असेल तर द्या. हिनं आणलं त्याच दिवशी फाडून ठेवलं.” मी पाहिले. घर शाबूत होते. स्केचपेनच्या रेघेवरून, तीन बाजूंनी, दार फाडून उघडले होते.

त्या बाईंना मी दुसरे घर दिले नाही. चिमणी-कावळ्याचे पुस्तक दिले. आणि पाकीट भरणाऱ्या माझ्यासारख्या सर्वांना एवढेच विनवते की कागद कापण्याआधी गोष्ट पुन्हा एकदा वाचावी, आणि तीत दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहावे. काळा कागद संपला असेल तर कोरा द्यावा. रंग काय द्यायचा ते मुले पाहून घेतील.