केळीचे औषधी गुणधर्म : वनस्पतिरासायनिक लेखनाची चिकित्सा

केळीच्या औषधी गुणधर्मांवरील संशोधन लेखांची मांडणी बहुधा ठरलेली असते. प्रारंभी कदलीचे आयुर्वेदातील स्थान, नंतर टॅनिन, सॅपोनिन, फ्लॅवोनॉइड यांच्यापुढे अधिक-उणे चिन्हांचा तक्ता, आणि अखेरीस मधुमेहापासून मुतखड्यापर्यंत उपयोगांची यादी. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या काळात असे तक्ते भरले आहेत. फेरिक क्लोराइडने अर्क काळसर झाला, तर त्यात फिनॉलिक द्रव्ये आहेत एवढेच सिद्ध होते. ती किती आहेत व शरीरात त्यांचे काय होते, हे नव्हे.

मूळ अडचण नावापासूनच सुरू होते. नमुन्याला सरसकट ‘म्युसा पॅराडिसियाका’ म्हटले जाते. वस्तुतः हे नाव म्युसा अक्युमिनाटा व म्युसा बाल्बिसियाना यांच्या संकराचे आहे. जळगावकडील ग्रँड नैन केवळ पहिल्या जातीपासून आलेली, तर कोकणातील राजेळी संकरित. वाण, पक्वता व वनस्पतीचा भाग न नोंदविता काढलेला निष्कर्ष नेमका कोणत्या केळीचा मानावा? हा प्रश्न किरकोळ नाही. अ‍ॅस्पिरिनमुळे होणाऱ्या जठरव्रणापासून उंदरांचे रक्षण करणारे ल्युकोसायनिडिन संशोधकांनी वेगळे केले (१९९९), ते भाजीच्या कच्च्या केळ्यातून. आपल्या लेखांत मात्र हा गुण सहजपणे पिकलेल्या केळ्याला बहाल केला जातो! केळ्यातील सेरोटोनिनमुळे नैराश्य दूर होते, या विधानाचीही तीच गत. आहारातील सेरोटोनिन रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही.

याउलट बांगलादेशातील एका अभ्यासात (२००१) दीर्घकालीन अतिसाराच्या ६२ बालकांना गटवार शिजवलेले कच्चे केळे, पेक्टिन किंवा नुसता भाताचा आहार देण्यात आला. पहिल्या दोन्ही गटांतील बालके लवकर बरी झाली. येथे भाग, अवस्था, मात्रा आणि तुलनेचा गट हे सारे स्पष्ट आहे. न पचलेल्या पिष्टापासून मोठ्या आतड्यात लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात, हे स्पष्टीकरणही त्याला जोडता येते.

खोडाच्या रसाबाबत अशी शिस्त अधिकच हवी. मुतखड्यावरील त्याचा दावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवर (१९९४) उभा आहे. त्या प्रयोगांत मूत्रातील ऑक्झलेट घटले, हे खरे. परंतु हा रस पोटॅशियमयुक्त आहे, आणि मूत्रपिंड दुर्बल झालेल्या रुग्णास पोटॅशियम मर्यादित ठेवावे लागते. मुतखड्याचा रुग्ण असा असू शकतो. तरीही ‘रोज सकाळी एक पेला’ अशी शिफारस करणाऱ्या लेखांत रसातील पोटॅशियमचे मोजमाप क्वचितच आढळते.