चव्हाट्यावरचा शब्द

शब्दाचा अर्थ सांगणे हे मास्तरकीतले सर्वांत सोपे काम, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. शब्द उच्चारावा, फळ्यावर त्याचा प्रतिशब्द लिहावा, पोरांनी तो वहीत उतरवून घ्यावा, की झाले! गेल्या पावसाळ्यात मूलच्या आमच्या वर्गात इंग्रजीच्या धड्यात ‘डायव्हल्ज’ हा शब्द आला, तेव्हाही मी तेच केले. ‘गुपित फोडणे’ असे लिहिले आणि पुढे निघालो. तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मग हे काम चांगलं की वाईट?”

घंटा झाली म्हणून मी त्या दिवशी सुटलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही. त्यामुळे शब्दांच्या कुळाचा शोध घ्यायचा तर कोश उघडून बसणे, एवढाच माझा मार्ग. इंग्रजीत उघड करण्याला शब्द पुष्कळ आहेत. ‘रिव्हील’च्या पोटात ‘वेलम’ हा लॅटिन शब्द आहे. वेलम म्हणजे पडदा. पडदा मागे सारला की रिव्हील झाले. ‘डिसक्लोज’ म्हणजे बंद होते ते उघडणे. हे दोन्ही शब्द झाकलेल्या वस्तूकडे पाहतात. ‘डायव्हल्ज’चे तसे नाही. त्याच्या मुळाशी ‘व्हल्गस’ आहे, म्हणजे सामान्य लोक, रयत, गर्दी. तेव्हा लोकांत चहूकडे पसरवणे, हा त्याचा मूळ अर्थ. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ जाहीर करणे, प्रसिद्ध करणे एवढाच होता. गुपिताचा वास त्याला मागाहून चिकटला. त्याचाच सख्खा भाऊ ‘व्हल्गर’. तोही आधी केवळ ‘लोकांचा’ होता, पुढे ‘असभ्य’ झाला. लोकांचे म्हणजे हलके, असे ठरवणारे कोण होते, हे निराळे सांगायला नको.

आता आपल्या घरात डोकावू. आपण गुपित ‘फोडतो’, जणू ते मडके आहे. गोष्टीचा ‘बोभाटा’ करतो. वर्तमानपत्रांना ‘गौप्यस्फोट’ अतिशय प्रिय. त्यात आवाज मोठा आणि अर्थ थोडा. आणि ‘चव्हाट्यावर आणणे’? चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, जिथे गाव भेटते. ‘व्हल्गस’च्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द हाच. पण आपल्या तोंडी त्याला बेअब्रूखेरीज दुसरी चव उरलेली नाही. एकीकडे ‘प्रकाशन’ हा उजेडाचा शब्द आपण ग्रंथांसाठी राखून ठेवला आणि दुसरीकडे चव्हाट्याला बदनाम केले. हा मला आपल्या भाषेचा थोडा अन्यायच वाटतो.

कारण मराठीचा उगमच मुळी या चव्हाट्यावरचा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी आमच्या विदर्भातल्या रिद्धपुरास त्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. तो मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. केशिराजबासांना संस्कृतात लिहायचे होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. का, तर तसे केले तर पंथातील म्हाताऱ्याकोताऱ्या ज्ञानाला मुकतील. ही हकीकत ‘स्मृतिस्थळा’त आहे. पंडितांना न विचारता म्हाताऱ्यांचा विचार करणारा हा आचार्य! ‘डायव्हल्ज’चा मूळ अर्थ मला कोणी विचारील तर मी या माणसाकडे बोट दाखवीन.

पुढे दैवगती पहा. ज्या पंथाने ज्ञान म्हाताऱ्यांपर्यंत नेले, त्याच पंथाने पुढच्या काळात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. एका अक्षराच्या जागी दुसरे घालायचे. किल्ली ठाऊक असलेल्यानेच वाचायचे. ग्रंथांचे पावित्र्य राखावे, ते अनधिकारी हाती पडू नयेत, ही त्यामागची भावना मी समजू शकतो. पण त्यामुळे बाकीचा महाराष्ट्र आपल्याच पहिल्या गद्याला शतकानुशतके पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली; पुढे डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून ते साहित्य संपादिले. कोलत्यांचे ‘लीळाचरित्र’ १९७८ साली निघाले. यांनी गुपित फोडले की लोकांचे लोकांना परत दिले?

युरोपातही हेच घडले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणले. ‘व्हल्गेट’, म्हणजे लोकांतले, हे नाव त्याला पुढे मिळाले. पण हजार वर्षांनी लॅटिन जाणणारे लोकच उरले नाहीत, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात तेच बायबल परवानगीवाचून इंग्रजीत आणण्यास धर्मसत्तेने बंदी केली. लोकांसाठी उघडलेले दार असे आपोआप लागते. ते पुन्हा पुन्हा उघडावे लागते.

इथवर लिहून थांबलो असतो तर माझी बाजू फार उजळ दिसली असती. पण मी कादंबऱ्याही लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका आजीने धानाच्या बांधीवर बसून मला आपल्या संसाराची कहाणी सांगितली होती. नाव बदलून मी ती कादंबरीत घातली. नाव बदलले म्हणून गाव थोडेच फसते? नातीने पुस्तक वाचून दाखवले तेव्हा आजी माझ्या घरी आली. मला वाटले, आता शिव्या. ती एवढेच म्हणाली, “लिवलास त लिवलास गा. पर पयले मले वाचून दाखवाचा होता.”

राजवाड्यांची फुशारकी सांगणारा मी त्या एका वाक्यापुढे निरुत्तर झालो. चव्हाट्यावर आणणे हा तिच्या मते गुन्हा नव्हता. तिला वगळून आणणे हा होता. लोकांत पसरवायचे त्या लोकांत तीही होतीच की! नागदेवाचार्यांना ज्या म्हातारीची आठवण राहिली, तिचाच मला विसर पडला होता.

त्या मुलीला मी अखेर उत्तर दिले. फळ्यावरचा ‘गुपित फोडणे’ पुसला आणि लिहिले: ‘लोकांचे लोकांना सांगणे’. चांगले की वाईट? ज्याचे आहे त्याला आधी सांगितले का, ते पाहावे. प्रश्नपत्रिकेत या अर्थाला गुण मिळतील की नाही, कोण जाणे! पण तिने तो वहीत उतरवून घेतला आहे.